संगणक जोडावा की विकत घ्यावा?

बारावीचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरातल्या बऱ्याच घरांत हल्ली एक वाद रंगतो. मुलाला किंवा मुलीला खेळांसाठीचा, म्हणजे 'गेमिंगचा' संगणक हवा असतो. मुलाचे म्हणणे, सुटे भाग आणून तो असेंबल करू. वडिलांचे म्हणणे, नाव असलेल्या कंपनीचा तयार घ्यावा, बिघडला तर निदान कोणाला तरी जाब विचारता येतो. मग दोघेही शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे किंवा बाईंकडे येतात. सरांना काही सांगावे तर लागतेच.

हा वाद घरगुती वाटला तरी त्याला सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग मुंबई-पुण्यात घडलेला आहे. हाच प्रश्न तिथे आधी एका संशोधन संस्थेने आणि नंतर देशाच्या सरकारने स्वतःला विचारला. त्यांनी कोणते उत्तर दिले, त्यातून हाती काय आले आणि काय आले नाही, हे पाहिले तर सरांचे काम बरेच सोपे होईल.

सुरुवात मुंबईपासून. डॉ. होमी भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. विश्वकिरण आणि अणुकेंद्र यांच्या प्रयोगांसाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे बाहेरून मागवायची तर परकीय चलन हवे, परवाने हवेत आणि महिनोन्‌महिने वाट पाहण्याची तयारी हवी. त्यामुळे संस्थेत ती घरीच करण्याची सवय पडली होती. १९५४ मध्ये आर. नरसिंहन हे गणितज्ञ अमेरिकेतील शिक्षण संपवून तिथे रुजू झाले आणि संगणक बांधण्याचे काम त्यांच्या गटाकडे आले. गटातल्या बहुतेकांनी तोवर संगणक वापरणे राहोच, पाहिलाही नव्हता. आज हे वाचताना धाडस वाटते. पण त्या वेळी जगातच संगणक मोजके होते आणि ते बांधणारे बहुतेक लोक आपापल्या देशात पहिल्यांदाच बांधत होते, हेही लक्षात घ्यायला हवे.

विकत घेण्याचा मार्ग बंद नव्हता. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्याच सुमारास, १९५५ साली, ब्रिटनमधून एचईसी-२एम हा संगणक आणला. भारतात चाललेला पहिला अंकीय संगणक तो. म्हणजे देशातल्या दोन मोठ्या संस्थांनी एकाच वेळी एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली. कलकत्त्याला आकडेमोड तातडीने हवी होती, कारण पंचवार्षिक योजनेची आणि नमुना पाहणीची गणिते समोर पडली होती. मुंबईला आकडेमोड हवी होतीच, पण ती करणारे यंत्र आतून कळायलाही हवे होते.

मुंबईकरांनी एकदम मोठे यंत्र हाती घेतले नाही, हे विशेष. आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र बांधले. ते १९५५ मध्ये सुरू केले आणि १९५६ च्या अखेरीस चालू लागले. त्यात हात बसल्यावर १९५७ मध्ये पूर्ण आकाराचे यंत्र हाती घेतले. ते फेब्रुवारी १९६० मध्ये रीतसर कामाला लागले. १९६२ साली कुलाब्याच्या नव्या इमारतीचे उद्‌घाटन झाले तेव्हा पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. आराखडा अगदी कोऱ्या पाटीवर काढलेला नव्हता. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकाची रचना डोळ्यांसमोर होती.

टिफ्रॅकमध्ये सुमारे २७०० निर्वात नलिका, म्हणजे जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह, १७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. त्याची स्मृती चुंबकीय कड्यांची होती. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर शून्य, उलट दिशेने झाले तर एक. एका कड्यात एक बिट, आणि प्रत्येक कड्यातून तारा ओवलेल्या. ४० बिटांचा एक शब्द आणि असे १०२४ शब्द. गुणाकार वर्गात करून पाहण्याजोगा आहे: ४०,९६० बिट, म्हणजे ५१२० बाइट. आज मोबाइलवर देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. म्हणजे सगळी स्मृती मोकळी करून दिली तरी टिफ्रॅकमध्ये या लेखातली सुमारे १७०० चिन्हे मावली असती. तुम्ही आत्ता वाचत आहात तिथवरचा मजकूरसुद्धा त्यात बसला नसता. पुढे ही स्मृती दुप्पट करण्यात आली.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. टिफ्रॅकला दूरचित्रवाणीच्या नळीसारखी एक क्ष-किरण नव्हे, कॅथोड-किरण नळी जोडलेली होती, आणि तिच्या पडद्यावर आलेख व अक्षरे उमटत. त्याच सुमारास, १९६२ साली, अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी पीडीपी-१ या संगणकाच्या तशाच गोल पडद्यावर 'स्पेसवॉर' हा खेळ लिहिला. तो संगणक त्यांनी बांधलेला नव्हता, कंपनीने संस्थेला देणगी म्हणून दिलेला होता. तयार यंत्र हाताशी असले की माणसांना खेळ सुचायला उसंत मिळते, असे म्हणायला हरकत नाही.

आता हिशेब मांडू. टिफ्रॅक पूर्ण होईपर्यंत जग पुढे निघून गेले होते. १९५९-६० मध्येच ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक बाजारात आले. व्हॉल्व्ह तापतात, जळतात, बदलावे लागतात, वीज खातात. ट्रान्झिस्टरला हे सगळे फारच कमी. मुंबईचे यंत्र रुजू झाले त्याच दिवशी जुने होते. संस्थेतील शास्त्रज्ञांची आकडेमोडीची भूक तर वाढतच होती. शेवटी १९६४ मध्ये संस्थेने अमेरिकन कंपनीचा सीडीसी ३६०० हा संगणक आणला. त्याची स्मृती ४८ बिटांचे ३२,७६८ शब्द, म्हणजे आजच्या हिशेबाने १९२ किलोबाइट. टिफ्रॅकच्या मूळ स्मृतीच्या अडतीस पटींहून जास्त. थोड्याच दिवसांत टिफ्रॅकचे काम थांबले.

म्हणजे बांधण्याचा निर्णय चुकला का? निव्वळ 'रुपयाला किती गुणाकार' असा हिशेब केला तर चुकला असेच म्हणावे लागेल. पण सीडीसी ३६०० आला तेव्हा त्याच्यापुढे उभी असलेली माणसे पाच-सहा वर्षे संगणकाच्या पोटात हात घालून बसलेली होती. त्यांना विक्रेत्याने दिलेली पुस्तिका वाचून समजत होती. इतकेच नव्हे, तिच्यात काय लिहिलेले नाही हेही कळत होते. ते केंद्र देशभरच्या विद्यापीठांसाठी आणि संस्थांसाठी गणनकेंद्र झाले. नरसिंहन यांच्या पुढाकाराने तिथूनच पुढे सॉफ्टवेअर विकासाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. मला विचाराल तर टिफ्रॅकची खरी किंमत त्या माणसांच्या खात्यावर मांडायला हवी. मात्र एक अट आहे. बांधणारी माणसे नंतर टिकली पाहिजेत. ती पांगली तर उरतात फक्त जळके व्हॉल्व्ह.

मधली वीस-पंचवीस वर्षे मी भरभर ओलांडतो. तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रातल्या आराखड्यावरून हैदराबादच्या ईसीआयएलने १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा संगणक काढला. १९७८ मध्ये आयबीएम कंपनी भारत सोडून गेली. १९८४ च्या धोरणाने आयात काहीशी सैल झाली. या काळात 'स्वदेशी की परदेशी' ही चर्चा इतकी झाली, की 'कशासाठी' हा प्रश्न मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला हवामानामुळे. ऐंशीच्या दशकात मोसमी पावसाचे गणिती अंदाज करायचे तर महासंगणक हवा होता. भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा एक्स-एमपी २४ मागितला. हाच संगणक अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रे यांच्या गणितालाही चालतो, म्हणून अमेरिकेने तो नाकारला. 'अमेरिकेने महासंगणक नाकारला आणि आपण तो बांधून दाखवला' ही कथा आपण शाळेत पुष्कळदा सांगतो. ती अर्धी आहे. अमेरिकेने मोठा नाकारला, पण त्याच घराण्यातला लहान एक्स-एमपी १४ कडक अटींवर दिला, आणि तो दिल्लीच्या हवामान केंद्रात बसवण्यात आला. म्हणजे भारताने एकाच वेळी विकतही घेतला आणि बांधायलाही घेतला. कोणत्याही शहाण्या गृहस्थाने हेच केले असते.

बांधण्याचे काम पुण्यात आले. मार्च १९८८ मध्ये 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. मुदत तीन वर्षांची. ध्येय असे की सेकंदाला १०० कोटी दशांशी क्रिया, म्हणजे एक गिगाफ्लॉप, इतकी गती गाठायची.

आता इथे मुख्य युक्ती पाहा. क्रे कंपनीचे प्रक्रियक खास, महागडे आणि निर्यातबंदीच्या यादीतले. तसा प्रक्रियक तीन वर्षांत बनवणे शक्य नव्हते. म्हणून पुण्याच्या लोकांनी एका पैलवानाऐवजी पुष्कळ साधे गडी कामाला लावायचे ठरवले. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा 'ट्रान्सप्युटर' नावाचा प्रक्रियक बाजारात मिळत होता. त्याला चार दुवे होते. त्यांतून तो शेजारच्या चार ट्रान्सप्युटरशी थेट बोलू शके. असे ६४ पासून २५६ पर्यंत एकत्र जोडले. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. २५६ ट्रान्सप्युटरच्या रचनेची कागदावरची कमाल गती ठरल्याप्रमाणे एक गिगाफ्लॉप होती. प्रत्यक्ष प्रश्न सोडवताना ती बरीच खाली येई.

ती का खाली येई, हे वर्गात सांगण्यासारखे आहे. समजा ६४० उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत आणि एक शिक्षक तासाला १० तपासतो. एकट्याला ६४ तास लागतील. शेवटी सगळ्या गुणांचा एकत्रित तक्ता करायला आणखी ३ तास, एकूण ६७. आता ६४ शिक्षक बोलावले. तपासणी एका तासात उरकली. पण तक्ता एकानेच करायचा, त्याला ३ तास लागणारच. एकूण ४ तास. चौसष्ट माणसे लावून काम जेमतेम १७ पट लवकर झाले. ६४० शिक्षक बोलावले तरी बावीस पटीच्या पुढे जाता येत नाही. शिवाय गठ्ठे वाटणे, गोळा करणे, 'तिसऱ्या प्रश्नाला अर्धा गुण द्यायचा का' असे एकमेकांना विचारणे यातला वेळ मी धरलेलाच नाही. समांतर संगणकाची सगळी डोकेदुखी हीच. प्रश्नाचे तुकडे असे पाडायचे की गप्पा कमी आणि काम जास्त होईल. परमचे खरे बांधकाम या जागी होते: ट्रान्सप्युटरची जोडणी आणि त्यांना कामाला लावणारी 'पारस' ही प्रणाली. प्रक्रियक विकतचे होते.

मग परम स्वदेशी म्हणायचा की नाही? मला हा प्रश्नच नीट मांडलेला वाटत नाही. सुतार झाड लावत नाही, तरी खुर्ची त्याचीच असते. कोणत्या थरावर आपण बांधतो आणि कोणत्या थराखाली विकत घेतो, एवढेच विचारता येते. तो थर जितका खालचा, तितका वेळ, पैसा आणि धोका जास्त. पण दुसऱ्याने नाकारण्याची भीती तितकीच कमी. पुढच्या परमची गोष्ट याचा पुरावा देते. इनमॉसचा पुढचा ट्रान्सप्युटर वेळेत आला नाही, आणि पुण्याच्या गटाला दुसऱ्या कंपन्यांच्या प्रक्रियकांकडे वळावे लागले. १९९८ चा 'परम १००००' सनच्या प्रक्रियकांवर उभा होता. थर बदलला तरी जोडणीची विद्या घरची होती, म्हणून गाडी चालू राहिली.

विकत घेऊन जोडण्याचे दुसरे मोठे उदाहरणही पुण्याचेच. टाटा समूहाच्या कंपनीने एचपीचे तयार सर्व्हर घेऊन 'एका' हा महासंगणक उभारला. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत तो ११७.९ टेराफ्लॉप गतीने चौथा आला. या प्रकल्पाशी आरंभी गणितज्ञ नरेंद्र करमरकर निगडित होते. त्यांच्या मनात भूमितीवर आधारलेली अगदी वेगळी रचना होती. ते बाजूला झाले.

यानंतर गोष्टीत खेळ शिरतो. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला काढावा लागतो. प्रत्येक ठिपक्याचे गणित शेजारच्या ठिपक्यावर फारसे अवलंबून नसते. उत्तरपत्रिकांच्या भाषेत, तक्ता करायचे काम जवळपास नाहीच. म्हणून खेळांसाठीच्या ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे गणक दाटीवाटीने बसवले जातात. हवामानाचे गणितही वातावरणाचे चौकोन पाडून केले जाते. हे साम्य शास्त्रज्ञांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. २००७ मध्ये एनव्हिडियाने ही कार्डे सर्वसाधारण गणितासाठी वापरण्याची 'कुडा' ही सोय दिली. २०१० मध्ये अमेरिकी हवाई दलाने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून एक महासंगणक केला. २०२० मध्ये जागतिक यादीत ६३ वा आलेला सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' याच एनव्हिडियाच्या चिपांवर उभा आहे. १९८८ मध्ये महासंगणकाची विद्या वरून खाली झिरपेल असे वाटत होते. झाले उलटे. मुलांच्या खेळण्याच्या पैशांवर वाढलेली विद्या वर चढली.

आकडाच पाहायचा तर २०२३ साली आलेले मध्यम किमतीचे आरटीएक्स ४०६० हे कार्ड घ्या. त्याची कागदावरची गती सुमारे १५ टेराफ्लॉप, म्हणजे २५६ ट्रान्सप्युटरच्या परम ८००० च्या पंधरा हजार पट. पण थांबा. ही गती कमी अचूकतेच्या, ३२ बिटांच्या गणिताची आहे. खेळातल्या ठिपक्याला ती पुरते. विज्ञानात पुष्कळदा ६४ बिटांची अचूकता लागते, आणि त्या गणितात हे कार्ड चौसष्टपट मंदावते. तरीही ते परमच्या सुमारे २३४ पट उरतेच.

मोठ्या माणसांचा वाद अजून चालूच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ मध्ये 'प्रत्युष' घेतला, तो क्रे कंपनीचाच. तीस वर्षांपूर्वी जे नाकारले गेले होते ते आता निविदा काढून मिळत होते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी एकाच कार्यक्रमात हवामानासाठी बाहेरून घेतलेले 'अर्क' आणि 'अरुणिका' राष्ट्रार्पण केले. त्याच कार्यक्रमात पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथले तीन 'परम रुद्र'ही राष्ट्रार्पण झाले. परम रुद्रचे सर्व्हर सी-डॅकच्या आराखड्याचे, आतले प्रक्रियक मात्र इंटेलचे. पुण्याचा रुद्र नारायणगावजवळच्या महाकाय मीटरलहरी दुर्बिणीच्या कामी येतो. रोजचा अंदाज ठरलेल्या वेळी द्यायचा असेल तर तयार यंत्र घ्या, शिकायचे आणि पुढे आपल्या बळावर वाढवायचे असेल तर बांधा, असा तो विभाग दिसतो. मला तो योग्य वाटतो.

आता सरांकडे आलेल्या बापलेकांचे काय? मुलगा ज्याला बांधणे म्हणतो ते परमच्याही वरच्या थराचे आहे. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट हे सगळे तयारच येते. त्याला ते एकमेकांशी जुळवायचे आहे. तरी तेवढ्यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कार्ड किती वॅट खाते आणि एसएमपीएस किती देऊ शकतो, हे त्याला मांडावे लागेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. खोलीच ४० अंशांवर असेल तर पंखा तीच गरम हवा आत ओढणार. धूळही तीच ओढणार. परदेशी चित्रफितींत दाखवलेले तापमान इथे गृहीत धरू नये. विजेचा दाब खालीवर होतो, तेव्हा स्वस्त एसएमपीएस घेऊन महागडे कार्ड धोक्यात घालण्यात अर्थ नाही. असेंबल केलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची हमी वेगळी असते. बिघाड नेमका कोणत्या भागात आहे हे स्वतः शोधावे लागते, आणि दुरुस्तीला गेलेला भाग परत येईपर्यंत थांबावे लागते. भावाचे म्हणाल तर सुटे भाग नेहमीच स्वस्त पडतात असे नाही. २०२०-२१ मध्ये टंचाई आणि आभासी चलनाच्या हव्यासामुळे ग्राफिक्स कार्डे इतकी महागली होती, की पुष्कळदा तयार संगणकच स्वस्त पडे. दोन्ही याद्या त्याच आठवड्याच्या भावाने कागदावर लिहून काढल्याशिवाय वाद घालू नये. आणि परीक्षा चार महिन्यांवर असेल तर तयार घ्यावा, हे कलकत्त्याचे उत्तर.

संगणक कसाही आला तरी एक प्रयोग मुलांकडून करवून घ्यावा. हजार ओळी आणि हजार स्तंभांच्या दोन सारण्यांचा गुणाकार पायथॉनमध्ये लिहायला सांगावा. तो आधी प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालवावा, मग सगळ्या गाभ्यांवर, मग ग्राफिक्स कार्डावर. कार्डावर चालवताना आकडे तिथे नेण्याचा आणि परत आणण्याचा वेळ वेगळा मोजावा. शेवटी सारणी दहा बाय दहाची करून हेच पुन्हा करावे. तिथे कार्ड बहुधा हरते. का हरते, हे मुलांना उत्तरपत्रिकांच्या उदाहरणावरून लिहायला सांगावे.